आठवी ते दहावीच्या मुलांना शाळेच्या ग्रंथालयाचा नेमका काय उपयोग?

प्रश्न: मी तालुक्याच्या गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. आमच्याकडे ग्रंथपालाचं पद नाही, म्हणून यंदा ग्रंथालयाचा कार्यभार माझ्याकडे आला. चार लोखंडी कपाटं, बहुतेक जुनी पुस्तकं, एक दाखल नोंदवही आणि किल्ल्यांचा जुडगा एवढं ताब्यात मिळालं. मुलं तेरा ते सोळा वयाची, पुस्तक म्हणजे गाइड एवढंच त्यांना माहीत. मुख्याध्यापकांचं म्हणणं, वाचन प्रेरणा दिनाचे फोटो वेळेत पाठवले की काम झालं. मुलांना, शिक्षकांना आणि पालकांना याचा खरोखर उपयोग व्हावा असं वाटतं. कुठून सुरुवात करू?

उत्तर: मॅडम, सुरुवात त्या जुडग्यापासूनच करू. कपाटं बंद राहतात ती वसुलीच्या भीतीने. साठा पडताळणीत पुस्तक कमी निघालं तर पगारातून कापतील, असं कार्यभार घेणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं. मग पुस्तक न देणं हाच सगळ्यात बिनधोक मार्ग वाटतो. ही भीती आधी कागदावर निकालात काढा. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी एक तरतूद आहे: वर्षभरात वाचायला दिलेल्या दर १००० पुस्तकांमागे ५ गहाळ झाली आणि त्यात कुणाचा अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल, तर ती घट वाजवी धरतात. हा नियम तुमच्या शाळेला थेट लागू होत नाही, पण शाळा समितीपुढे ठेवायला आधार म्हणून भक्कम आहे. 'देवघेवीत एवढी घट मान्य' असा ठराव इतिवृत्तात एकदा चढला की तुम्ही मोकळ्या. तो होईपर्यंत बाकीचं काही सुरू करू नका. नाहीतर पहिलं पुस्तक हरवेल त्या दिवशी कुलूप परत लागेल आणि या वेळी ते तुम्हीच लावाल.

आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचं आहे ते. आठवी ते दहावीच्या मुलाला शाळेत श्वास घेतला तरी गुण आहेत. घटक चाचणी, वही तपासणी, अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, तोंडी. त्यातून सुटून क्लासला गेला की तिथे रविवारची टेस्ट. अख्ख्या इमारतीत एकच खोली अशी ठेवता येते जिथे कुणी गुण देणार नाही आणि 'काय समजलं ते सांग' असं विचारणार नाही. ती खोली म्हणजे ग्रंथालय. मुलांना, शिक्षकांना, पालकांना ग्रंथालय जे काही देऊ शकतं ते सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, आणि ती मोडायला चांगल्या मनाची माणसंच पुढे येतात. कुणी म्हणेल, प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहून घ्या. कुणी म्हणेल, सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस ठेवा. सारांशाची वही आली की मुलं पाठीमागचा मजकूर उतरवतात, आणि बक्षीस आलं की सकाळी नेलेलं बारकं पुस्तक मधल्या सुट्टीत परत येतं. वाचल्याचा पुरावा मागायचा नाही, हा नियम भिंतीवर लावायची गरज नाही, पण तुम्ही स्वतः तो पाळा आणि दुसऱ्यांकडून मोडू देऊ नका.

कपाटांचं म्हणाल तर दारं काढून टाकता आली तर उत्तम, नाहीतर शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत सताड उघडी ठेवा. ग्रंथालयाच्या भाषेत याला मुक्तद्वार पद्धत म्हणतात. या वयाची मुलं काउंटरवर येऊन पुस्तक मागत नाहीत. मागायचं म्हणजे नाव माहीत हवं, आणि आपल्याला काय आवडतं हे चारचौघांत बोलून दाखवायची तयारी हवी. चौदाव्या वर्षी दोन्ही नसतं. ती चाळतात, मुखपृष्ठ पाहतात, मित्राने काढलेलं पुस्तक ओढतात. म्हणून निम्मी पुस्तकं तरी तोंड पुढे करून लावा. चार कपाटांसाठी दशांश वर्गीकरणाच्या, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावण्याच्या मागे लागू नका. तो आकडा, म्हणजे वर्गांक टाकायचा असेल तर पुस्तकाच्या पाठकण्यावर बारीक टाका, पण कप्प्यांना नावं मुलं विचारतात तशीच द्या: भुताखेताच्या गोष्टी, क्रिकेट आणि कबड्डी, खऱ्या माणसांच्या गोष्टी, किल्ले, शेती आणि जनावरं, अवकाश, विनोदी.

लावायच्या आधी काढावं लागेल. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, वाळवीने खाल्लेले खंड, कुणीतरी देणगी म्हणून आणून टाकलेल्या स्मरणिका, एकाच पुस्तकाच्या पंचवीस प्रती. याला निर्लेखन म्हणतात आणि त्याची रीत आहे: दाखल क्रमांकासह यादी, कारणाचा रकाना, मुख्याध्यापकांची सही, समितीची मंजुरी, मग रद्दी. यादीशिवाय एक पानही रद्दीत घालू नका. आकडा कमी दिसेल म्हणून मुख्याध्यापक बिचकतील. त्यांना सांगा, तपासणीला येणारे आकडा पाहतात हे खरं, पण वाचनीय तीनशे पुस्तकांचं कपाट मुलं रिकामं करतात आणि दोन हजारांच्या अडगळीला हातही लावत नाहीत. काढताना एक सांभाळा. जुने दिवाळी अंक फेकू नका. ते फाटले तरी बाइंडिंग करून ठेवा. लांबलचक कादंबरीला घाबरणारं मूल दिवाळी अंकातली आठ पानांची कथा सहज वाचून टाकतं.

नवीन घेताना एक अडचण येईल, ती आधीच सांगते. मराठीत लहान मुलांसाठी भरपूर आहे, मोठ्यांसाठी भरपूर आहे, मधल्या वयासाठी फार कमी. राजा-राणीच्या गोष्टी दिल्या तर 'आम्ही काय बालवाडीत आहोत का' म्हणतात, आणि थोरामोठ्यांचे चारशे पानी ग्रंथ दिले तर उशाला घेतात. या मधल्या फटीत मासिकं उपयोगी पडतात. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून चालू आहे आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. 'वयम्' तर याच वयासाठी निघतं. दोन्हींची वर्गणी भरा. त्याशिवाय खरी घडलेली माणसं चालतात: गिर्यारोहक, पोलीस अधिकारी, खेळाडू, जंगलात राहून काम करणारे. भयकथा नेहमीच चालतात, त्यावर नाक मुरडू नका. आणि 'हा वाचतच नाही' असं ज्याच्याबद्दल सगळे सांगतात, त्याच्यापुढे शेळीपालनाचं किंवा ट्रॅक्टरच्या देखभालीचं पुस्तक ठेवून पाहा. आमच्या नववीतला एक जण वर्षभर शेतीची मासिकं सोडून दुसरं काही नेत नव्हता. वर्गशिक्षकांना वाटे हे काही वाचन नव्हे. त्याने घरच्या गोठ्यातल्या गाईच्या खुराकाचा हिशेब मासिकावरून बदलला होता आणि त्यावरून वडिलांशी वाद घातला होता. वाचन म्हणजे आणखी काय असतं?

आता थोडं नाजूक. तुमच्या नववीत काही मुलं अशी निघतील ज्यांना सलग वाचताच येत नाही. अक्षर लावत लावत एक ओळ. हे मूल कधीच पुढे येणार नाही, उलट सगळ्यात जास्त टवाळी तेच करेल. त्याला सोपी पुस्तकं हवीत, पण 'इयत्ता तिसरी' लिहिलेल्या कप्प्यातून काढताना त्याला कुणी पाहिलं तर तो परत फिरकणार नाही. यासाठी मी एक साधी युक्ती वापरते. आमच्या आवारात पाचवी-सहावीचे वर्ग आहेत, तिथे आठवड्यातून एकदा मोठ्या मुलांनी गोष्ट वाचून दाखवायची. त्यासाठी चित्रांची, मोठ्या टायपाची पुस्तकं आदल्या दिवशी घरी न्यायची, तयारी करून यायची. कारण सन्मानाचं आहे, हातात पुस्तक हवं तेच आहे, आणि घरी पाच वेळा वाचून आल्याशिवाय लहानग्यांसमोर उभं राहता येत नाही. पाचवी नसेल तर 'लहान बहिणीसाठी ने' एवढं म्हटलं तरी पुरतं. बहीण आहे की नाही हे विचारत बसू नका.

तसंच शरीराबद्दलच्या पुस्तकांचं. पाळी, स्वप्नदोष, चेहऱ्यावरची मुरुमं, आवाज फुटणं, आकर्षण. ही पुस्तकं घेतलीत तर दोनच गोष्टी होतात: कुणी नेत नाही किंवा चोरीला जातात. दोन्हींचं कारण देवघेव रजिस्टर. आपलं नाव 'वयात येताना' छापाच्या शीर्षकापुढे लिहिलं जाणार आणि ते पुढच्या रांगेतला वाचणार, हे कुठल्या मुलीला किंवा मुलाला चालेल? म्हणून ही पुस्तकं रजिस्टरच्या बाहेर ठेवा. विज्ञान आणि आरोग्याच्या कप्प्यातच, वेगळी पाटी नाही, 'इथेच बसून वाचा, नोंद नको' अशी सोय, आणि शक्य असेल तर एका शीर्षकाच्या दोन-तीन प्रती. एखादी गेली तर गेली, ज्याला हवी होती त्याच्याकडेच गेली. रजिस्टरही बदला. सगळ्यांची नावं एकाखाली एक येतात ती वही टेबलावर उघडी पडलेली नसावी. प्रत्येकाचं वेगळं वाचक कार्ड आणि पुस्तकात परत करायच्या तारखेची चिठ्ठी, ही जुनी पद्धत याच कामाची आहे.

मधल्या सुट्टीत तुमच्याकडे कोण येतं यावर लक्ष ठेवा. मैदानावर ज्याला कुणी खेळायला घेत नाही तो येतो. ज्या मुलीला वर्गात काहीतरी चिकटवून चिडवतात ती येते. ही मुलं महिनाभर एकच पुस्तक उघडून बसतात आणि पान उलटत नाहीत. त्यांना वाचायला लावू नका, काम द्या. शिक्के मारणं, तारीख चिठ्ठ्या चिकटवणं, सुटलेली पानं डकवणं. हाताला काम असलं की तिथे बसायला कारण मिळतं, आणि कुणी विचारलं तर 'मॅडमनी बोलावलंय' असं ताठ मानेने सांगता येतं.

अशा वेळी कधीतरी एखादं मूल बोलतं. शांतपणे ऐका, पण 'कुणालाही सांगणार नाही' असा शब्द कधीही देऊ नका, कारण तो पाळता येत नाही. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि न कळवणं हा गुन्हा आहे. 'तुझ्या मदतीला जे लागतील त्यांनाच सांगेन' एवढं म्हणा. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी असलेली शाळेची सखी सावित्री समिती कागदावरच आहे की कुणी खरोखर काम करतं, हे आजच माहीत करून घ्या. दाराच्या आतल्या बाजूला, सहज दिसेल अशा जागी दोन नंबर लिहून ठेवा: १०९८ चाइल्ड हेल्पलाइन आणि १४४१६ टेलि-मानस. दुसरा मानसिक ताणासाठी आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. दहावीच्या जानेवारी-फेब्रुवारीत त्याची गरज पडते. तुम्ही समुपदेशक नाही आणि मीही नाही. आपलं काम योग्य माणसापर्यंत पोचवणं एवढंच आहे.

शिक्षकांकडे वळू. सहकारी ग्रंथालयात का येत नाहीत? वेळ नाही, हे कारण खरं आहे. अभ्यासक्रम संपवायचा, शालाबाह्य कामं करायची, ऑनलाइन माहिती भरायची. त्यांना 'वाचायला या' म्हणून उपयोग नाही. त्यांच्या पाठाला लागेल ते त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा. मी याला पाठपेटी म्हणते: बुटाच्या खोक्याएवढा डबा, एका पाठासाठी.

एक नमुना सविस्तर सांगते. दहावीच्या इतिहासात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' असा पाठ आहे. त्यात वर्तमानपत्रं येतात, बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला सुरू केलेलं 'दर्पण' येतं, आणि प्रसारमाध्यमांतली माहिती तपासून घ्यावी हेही येतं. मुलं हे पाठ करतात: तारीख, संपादक, एक गुण. पेटीत मी काय ठेवते? एकाच दिवशीची तीन वर्तमानपत्रं, ज्यात एकच बातमी तीन तऱ्हेने आली आहे. एखाद्या जुन्या अंकाचं पान, शक्यतो मुलांच्या जन्माच्या आधीचं, जाहिरातींसकट. आणि प्रश्नांची एक चिठ्ठी: ही बातमी कुणी दिली? वार्ताहर तिथे हजर होता का? आकडा कुणाचा आहे? मथळ्यात जे आहे ते खाली मजकुरात सापडतं का? गटाला एकेक पान दिलं की चाळीस मिनिटं कशी जातात कळत नाही. जुनं पान फिरत असताना सगळ्यात जास्त चर्चा जाहिरातीतल्या किमतींवर होते, होऊ द्या, तोही इतिहासच आहे. शिक्षकाला यासाठी शून्य तयारी करावी लागली. पुढच्या वेळी तो स्वतःहून विचारतो, 'खेळ आणि इतिहासचं काही आहे का हो?' तुम्ही स्वतः मराठी शिकवता, तेव्हा पहिली पेटी तुमच्याच स्थूलवाचनाच्या पाठाची करा. उपयोजित लेखनातल्या बातमी, जाहिरात, मुलाखत यांचे खरे नमुने रद्दीतूनच मिळतात.

प्रकल्पांचं दुखणं तुम्हाला माहीत आहेच. पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळायचे, मग इंटरनेटवरून उतरवणं आलं, आता मोबाइलवरचा चॅटबॉट अख्खा प्रकल्प प्रस्तावनेपासून समारोपापर्यंत लिहून देतो. बंदी घालून काही होत नाही. विषय असा द्यायचा की उतरवायला जागाच नको. 'पाण्याचे महत्त्व' हा विषय दिला तर चाळीस वह्यांत एकच मजकूर येईल. जलसुरक्षा विषयाच्या शिक्षकांबरोबर बसून तो असा फिरवा: आपल्या गावाला आज पाणी कुठून येतं आणि पन्नास वर्षांपूर्वी कुठून यायचं? आता मुलाला ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जावं लागेल, आजीला विचारावं लागेल, आणि ग्रंथालयात यावं लागेल, कारण जुन्या विहिरी, नद्या, पर्जन्यमान जिल्हा गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथात सापडतात. गॅझेटिअर विकत घ्यायला नको, ऑनलाइन आहे. मराठी विश्वकोशही संकेतस्थळावर मोफत आहे. एक तास घेऊन शोधायचं कसं ते दाखवा: विश्वकोशातली नोंद, इंटरनेटवरचं एखादं पान आणि आजीचं सांगणं, तिन्ही समोर ठेवा. कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, आणि जुळत नसेल तर कुणाला विचारायचं? आजीची आठवण चुकू शकते तसंच छापलेलंही चुकू शकतं, हे मुलांना पहिल्यांदाच कळतं आणि त्यांना ते फार आवडतं. चॅटबॉटचं उत्तरही याच रांगेत चौथं म्हणून बसवा. त्याने सांगितलेली विहीर गावात आहे की नाही हे पोरं स्वतः जाऊन पाहून येतात.

शिक्षकांच्या बाबतीत एकच सावधगिरी. कुणी रजेवर असलं की 'वर्ग ग्रंथालयात पाठवा' असा निरोप येतो. घ्या, नाही म्हणू नका, पण ग्रंथालय ही शिक्षेची जागा होऊ देऊ नका. गृहपाठ केला नाही म्हणून ग्रंथालयात बसवलेलं मूल पुढे आपल्या पायाने तिथे येत नाही.

पालकांची गोष्ट वेगळी. ते दोनदा भेटतात: पालक सभेला आणि निकालाला. दोन्ही वेळा त्यांच्या डोळ्यांपुढे गुण असतात, त्यामुळे वाचनाने व्यक्तिमत्त्व घडतं वगैरे भाषण त्या दिवशी करू नका. त्यांना लगेच लागणारं काहीतरी द्या. आठवीच्या पालकांना एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांसाठीच्या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीचं सांगा: घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल तर परीक्षा देता येते, आणि निवड झाली तर अटी पाळून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल ग्रंथालयात आहे, एवढं वाक्य बोललात की सभा संपल्यावर चार-पाच जण तुमच्याकडे येतील. दहावीच्या पालकांसाठी एक फलक ठेवा: आयटीआय, पदविका, अकरावी प्रवेश, त्यांची अधिकृत संकेतस्थळं, लागणारे दाखले आणि ते कुठे मिळतात. उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा दाखला ऐन जूनमध्ये धावाधाव करून काढावा लागतो, कारण आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आलेल्या पालकाला पुस्तकही द्या. मुलाच्याच कार्डावर 'घरासाठी' एक जादा पुस्तक, एवढीच सोय. आया ही सोय लगेच उचलतात. कादंबऱ्या नेतात, पाककृती नेतात, पाळीचं ते पुस्तक पण नेतात आणि मुलीच्या हातात देतात, जे तुम्हाला आणि मला कधी जमलं नसतं. पुण्याहून निघणारं 'पालकनीती' मासिक टेबलावर ठेवा, वाट पाहणारे चाळतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना त्याची जाणीव होईल असं काही बोलू नका. 'ह्याला म्हणावं रात्री मला दोन पानं वाचून दाखव' असं आजीने मुलाला सांगावं, ही विनंती सगळ्या घरांना चालते.

पालक दोन गोष्टी मागतील ज्या द्यायच्या नाहीत. पहिली: 'तो काय काय वाचतो ते कार्ड दाखवा.' मी दाखवत नाही. हसत सांगते की त्यालाच विचारा, तो सांगेल. मुलाने काय वाचलं हे घरी कळणार असं एकदा वर्गात पसरलं की ती पुस्तकं हलायची थांबतात, जी हलावीत म्हणून आपण एवढी खटपट केली. मुलाच्या जिवाची काळजी वाटावी असं काही दिसलं तर गोष्ट निराळी, मग कार्ड दाखवत बसण्यापेक्षा पालकांशी सरळ बोलायचं. दुसरी मागणी: 'हे पुस्तक शाळेत नको.' कधी भुतांमुळे, कधी प्रेमकथेमुळे, कधी जातीपातीवर परखड लिहिलंय म्हणून. उभ्या उभ्या वाद घालू नका आणि उभ्या उभ्या पुस्तक काढूही नका. लेखी अर्ज घ्या, त्यात एक रकाना ठेवा: 'पुस्तक पूर्ण वाचले आहे का?' मग मुख्याध्यापक, एक शिक्षक, पालक-शिक्षक संघातला एक जण असे तिघं पुस्तक वाचून ठरवतील. बरेचसे अर्ज त्या रकान्यापाशीच थांबतात. जे पुढे जातात त्यांचा निर्णय तिघांचा असतो, तुमच्या एकटीच्या डोक्यावर येत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी शाळेच्या प्रकारानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. तुमची शाळा खासगी अनुदानित असेल तर वेतनेतर अनुदान (पगाराव्यतिरिक्तच्या खर्चासाठीचं) आणि संस्था यांच्याकडेच पाहावं लागेल. माजी विद्यार्थ्यांकडून पैसे घ्या, पुस्तकं घेऊ नका, कारण पुस्तकं मागितली की लोक घरातली अडगळ देतात. तालुक्याच्या ठिकाणी १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं एखादं वाचनालय असणारच. तिथल्या ग्रंथपालांना भेटा, महिन्याला पन्नास पुस्तकांची पेटी फिरती मिळते का विचारा. त्यांनाही बालविभागातली देवघेव वाढलेली दाखवायची असते.

आणि १५ ऑक्टोबरचे, वाचन प्रेरणा दिनाचे फोटो? काढा की. मुख्याध्यापकांना ते हवे आहेत आणि वरून मागणीही असते. फक्त त्या दिवशी सगळ्या शाळेला मैदानात रांगेत बसवून हातात एकेक पुस्तक देऊ नका. तास बुडवून, दारं उघडी टाकून, जो जिथे बसेल तिथे त्याला वाचू द्या. फोटो त्याचेही निघतात. मुख्याध्यापकांनी स्वतः अर्धा तास तिथे बसून काहीतरी वाचावं असं सुचवून पाहा. ते ऐकतील अशी माझी खात्री नाही, पण ऐकलं तर तुमचं वर्षभराचं काम सोपं होईल.

शेवटचं काम मे महिन्याचं. बहुतेक शाळा एप्रिलमध्ये सगळी पुस्तकं जमा करून घेतात, पडताळणी करतात आणि दीड महिना कुलूप. नेमकं ज्या दीड महिन्यात मुलांना अभ्यास नसतो. तुम्ही पडताळणी मार्चमध्ये करा, दहावीची परीक्षा चालू असताना खालचे वर्ग तसेही अर्धवेळ असतात, आणि सुट्टीच्या आधी आठवी-नववीला प्रत्येकी तीन-चार पुस्तकं देऊन टाका. उशिराचा दंड लावू नका, दंड भरावा लागेल या भीतीने पुस्तक परत येतच नाही. दहावीच्या मुलांकडून मात्र शाळा सोडल्याचा दाखला देण्याआधी येणं-बाकी पाहावी लागते. तिथे पुस्तक हरवलं असेल तर किंमत मागण्यापेक्षा दुसरं कुठलंही, त्याला आवडलेलं एक पुस्तक आणून दे म्हणा. दाखल नोंदवहीत जुन्या क्रमांकापुढे 'गहाळ, बदली प्रत प्राप्त' असा शेरा आणि नव्या पुस्तकाला नवा क्रमांक, दोन्हीकडे मुख्याध्यापकांची सही घ्या. आणि दाखला मात्र कुठल्याही परिस्थितीत अडवू नका.